पुन्हां पुन्हां तुरुंगांत येणारे

घरफोडी झाली कीं दुसऱ्या दिवशीं पंचनाम्याच्या वेळीं एक वाक्य बहुधा कानावर येतें: "हें काम सराईताचें दिसतें." बोलणारा फौजदार असो कीं शेजारी असो, त्या वाक्यामागची समजूत एकच असते. गुन्हेगारांत दोन वर्ग आहेत. एक चुकून पाय घसरलेल्यांचा आणि दुसरा चोरीलाच धंदा समजणाऱ्यांचा. पहिल्यावर दया करावी, दुसऱ्याला शक्य तितके दिवस कोंडून ठेवावें, असा सरळ हिशेब करून आपण सुशिक्षित घरांतलीं माणसें मोकळीं होतों. या हिशेबांत तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. तथापि जेथें जेथें तो कायद्यांत उतरविला गेला तेथें तेथें त्याचें उत्तर निराळेंच आलें. तें कसें आलें आणि आपल्याकडे काय करतां येण्याजोगें आहे, हें आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

क्षणभर न्यायाधीशाच्या जागीं बसून पाहा. समोर तिशीच्या घरांतला एक इसम उभा आहे. त्यानें एका दुकानांतून हजार-दीड हजारांचा माल चोरला, हें शाबीत झालें आहे. तेवढ्यांत सरकारी वकील उठतात आणि एक कागद पुढें करतात. त्यावर या इसमाला पूर्वीं झालेल्या चार शिक्षांची नोंद आहे. चोरी तीच, माल तोच; परंतु कागद पुढें येतांच खटल्याचा रंग पालटतो. या कागदाचें करावयाचें काय? कोणी म्हणेल, मागल्या चार गुन्ह्यांची भरपाई त्यानें तुरुंगांत राहून केली आहे. एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदां कां घ्यावी? दुसरा म्हणेल, चार वेळां शिक्षा होऊनहि ज्याला उमज पडली नाहीं त्याला पांचव्या वेळीं अधिक कडक शिक्षा हवीच. दोन्ही बोलण्यांत न्यायाची चाड आहे. परंतु त्याच कागदाचें आणखी एक वाचन आहे, आणि तें फारसें कोणी करीत नाहीं. चार वेळां योजलेला उपाय चार वेळां फसला, असेंहि तो कागद सांगतो. वैद्यानें चार वेळां एकच मात्रा दिली आणि ज्वर उतरला नाहीं, तर पांचव्या वेळीं ती दुप्पट करण्यापूर्वीं तो निदान तरी पुन्हां तपासून पाहील.

आपल्या कायद्यानें या प्रश्नाची दखल फार पूर्वींच घेतली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत पंचाहत्तरावें कलम होतें. नाणीं व मुद्रांक यांसंबंधींच्या किंवा मालमत्तेविरुद्धच्या, तीन वर्षें अगर त्याहून अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्याबद्दल ज्याला एकदां दोषी ठरविलें आहे त्यानें पुन्हां तशाच प्रकारचा गुन्हा केल्यास, दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपसुद्धां देण्याची मुभा त्या कलमानें न्यायालयास दिली होती. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितलेली असल्यामुळें खिसेकापूहि त्याच्या कक्षेंत येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता अमलांत आली. तिच्या तेराव्या कलमांत ही तरतूद जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे. चोरीपुरती मात्र नव्या संहितेनें आणखी एक पायरी बांधली. पहिलाच गुन्हा असेल, माल पांच हजार रुपयांहून कमी किंमतीचा असेल आणि तो अगर त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा तुरुंगाची नव्हे, समाजसेवेची. दुसऱ्या खेपेस मात्र किमान एक वर्ष व कमाल पांच वर्षें सक्तमजुरी, आणि वर दंड. पहिल्या तरतुदीचें मी मनापासून स्वागत करतों. दुसरीबद्दल मला शंका आहे. 'किमान' हा शब्द न्यायाधीशाचा हात धरतो. भुकेपोटीं उचललेली दोन किलो डाळ आणि सराफाच्या पेढीवरील हातचलाखी यांतील अंतर त्याला एका वर्षाच्या खालीं मोजतां येत नाहीं.

याच कायद्याच्या कार्यपद्धतींत एक फार शहाणपणाची दक्षता आहे. आरोपीला पूर्वीं शिक्षा झाल्या आहेत ही गोष्ट, चालू गुन्हा शाबीत होऊन तो दोषी ठरेपर्यंत, सामान्यतः न्यायालयांत उच्चारावयाचीहि नसते. 'हा जुना चोर, तेव्हां ही चोरीहि याचीच' असा तर्क करण्यास न्यायाधीशाला मज्जाव आहे. पूर्वेतिहास पाहावयाचा तो शिक्षा ठरवितांना, अपराध ठरवितांना नव्हे. पंचनाम्याच्या वेळीं आपण जें सहज बोलून जातों तें बोलण्याची न्यायालयाला बंदी आहे!

आणि पूर्वेतिहासाचा हा कागद विश्वासानें पुढें करतां येतो, ही गोष्टहि फार जुनी नाहीं. पूर्वीं नांव बदललें आणि गांव सोडला कीं जुना चोर नवा होई. १८९७ त कलकत्त्यास बोटांच्या ठशांचें जगांतील पहिलें दफ्तर उघडलें, आणि ठशांची वर्गवारी लावण्याचें किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांनीं तडीस नेलें. पद्धतीला नांव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचें मिळालें; तें असो. १९०१ त ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डनें उचलली. आज आपल्याकडे २०२२ च्या कायद्यानें ठसे व अन्य मापें ७५ वर्षें जतन करून ठेवण्याची तरतूद आहे. विसाव्या वर्षीं केलेल्या चोरीची खूण माणसाच्या मरणापर्यंत आणि बहुधा त्यानंतरहि दफ्तरीं राहील. एवढी दीर्घ स्मरणशक्ति ज्या सरकारपाशीं आहे, त्यानें ती कशासाठीं वापरावी हा प्रश्न म्हणून अधिकच महत्त्वाचा होतो.

येथें इंग्लंडचा अनुभव थोडा विस्तारानें सांगतों. १९०८ सालीं तेथील पार्लमेंटानें एक कायदा केला. सोळाव्या वर्षानंतर तीन वेळां गंभीर गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेला व सतत अप्रामाणिकपणें जगणारा इसम सराईत ठरला, तर चालू गुन्ह्याची सक्तमजुरी भोगून झाल्यावर त्याला आणखी पांच ते दहा वर्षें प्रतिबंधक कैदेंत ठेवावें, अशी त्यांत योजना होती. पहिली कैद ही शिक्षा आणि दुसरी ही समाजाभोंवतींची तटबंदी, अशी ती कल्पना. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें होते ते धोकादायक, धंदेवाईक गुन्हेगार. जाळ्यांत सांपडला तो डेव्हिड डेव्हिस नांवाचा एक म्हातारा. चर्चमधील धर्मपेटींतून दोन शिलिंग चोरल्याबद्दल त्याला तीन वर्षें सक्तमजुरी आणि तिच्यावर दहा वर्षें प्रतिबंधक कैद, मिळून तेरा वर्षें ठोठावण्यांत आलीं. असल्याच चोऱ्या करण्यांत आणि त्यांच्या शिक्षा भोगण्यांत त्याचें बहुतेक आयुष्य सरलें होतें. डार्टमूरच्या तुरुंगांत तो तुरुंगाच्या मेंढ्या राखी, म्हणून लोक त्याला 'डार्टमूरचा मेंढपाळ' म्हणूं लागले. १९१० त गृहमंत्री असलेले विन्स्टन चर्चिल हे लॉइड जॉर्ज यांच्यासह त्या तुरुंगांत गेले, म्हाताऱ्याला भेटले, आणि दोन शिलिंगांस तेरा वर्षें हा भाव ऐकून अस्वस्थ झाले. त्यांनीं त्याची सुटका करविली व एका शेतावर त्याला काम मिळवून दिलें. थोड्याच दिवसांत म्हातारा त्या शेतावरून निघून गेला आणि पुढें पुन्हां चोरींत पकडला गेला. विरोधी पक्षाला हसावयास आयतें कारण मिळालें.

ही गोष्ट ज्याला जशी सोईची तसा तिचा अर्थ लावला जातो. कडक शिक्षेचे पुरस्कर्ते म्हणतात, पाहा, कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडेंच. मला तींत दिसतें तें असें. तेरा वर्षें हा अन्याय होताच. पण ज्याचें उभें आयुष्य तुरुंगाच्या घंटेवर उठण्यांत गेलें त्याला एके दिवशीं अनोळखी माणसांत, अनोळखी शेतावर नेऊन सोडणें म्हणजे उपाय नव्हे. दया दाखविली गेली, पण ती पार पाडण्याची कोणतीहि व्यवस्था मागें उभी नव्हती. चर्चिल यांनीं मात्र त्यांतून योग्य तोच बोध घेतला. नुसत्या उपद्रवी माणसांस हा कायदा न लावतां खरोखर धोकादायक माणसांसच तो लावावा, अशा सूचना त्यांनीं १९११ त पोलिसांस धाडल्या. १९४८ सालीं तीच कल्पना पांच ते चौदा वर्षांच्या मुदतीनें पुन्हां कायद्यांत आली, आणि पुन्हां तोच अनुभव आला. चौकशी करून पाहतां असें आढळलें कीं, या कैदेंत पडलेले बहुतेक जण किरकोळ चोऱ्या करणारे, एकाकी आणि दुबळे लोक होते. १९६७ त ही प्रतिबंधक कैद रद्द झाली. जवळजवळ साठ वर्षें एका मोठ्या देशानें हा प्रयोग केला, तो असा निकालांत निघाला.

तरी १९९४ त अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें तोच मार्ग अधिक जोरानें धरला. बेसबॉलमध्यें तीन वेळां हुकलेला खेळाडू बाद होतो. त्या खेळावरूनच या कायद्याचें नांव रूढ झालें. पूर्वीं दोन गंभीर गुन्हे केलेल्या माणसाच्या हातून तिसरा कोणताहि मोठ्या वर्गांत मोडणारा गुन्हा घडला, कीं किमान पंचवीस वर्षें ते जन्मभर कैद. आणि चोरी किरकोळ असली तरी पूर्वींच्या शिक्षांमुळें ती मोठ्या वर्गांत ढकलतां येई. दोन दुकानांतून मिळून नऊ व्हिडिओ-फिती, सुमारे दीडशें डॉलरांचा माल, चोरणाऱ्या एका इसमाला या कायद्याखालीं पंचवीस-पंचवीस वर्षांच्या दोन शिक्षा एकामागून एक भोगावयास सांगण्यांत आल्या. २००३ त प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. पांच विरुद्ध चार अशा मतांनीं शिक्षा कायम झाली. अखेर २०१२ त त्या राज्याच्या मतदारांनींच कौल देऊन कायदा सौम्य केला, आणि तिसरा गुन्हाहि, कांहीं अपवाद सोडतां, गंभीर अगर हिंसक असला पाहिजे अशी अट घातली.

अशा कायद्यांत एक हिशेबाची चूक असते, ती निराळी सांगितली पाहिजे. गुन्हा आणि वय यांचा संबंध मोठा जवळचा आहे. बेल्जियमचे गणिती केतले यांनीं १८३० च्या सुमारास फ्रान्सच्या आंकड्यांवरून दाखवून दिलें कीं, गुन्ह्याकडे होणारी प्रवृत्ति तारुण्यांत कळसास पोंचते आणि मग उतरत जाते. त्यानंतर अनेक देशांत ही गोष्ट पडताळून पाहिली गेली व ती खरी ठरली. बहुतेक चोर चाळिशी उलटतां उलटतां आपोआप थकतात, संसारांत पडतात, कांहीं मरतात. आतां तिसऱ्या-चौथ्या शिक्षेपर्यंत पोंचतां पोंचतां माणसाची पस्तिशी येते. म्हणजे सर्वांत लांब शिक्षा आपण त्याला नेमकी तेव्हां देतों, जेव्हां तो बहुधा थांबण्याच्या वाटेवर असतो. आणि मग सरकारी खर्चानें म्हाताऱ्यांचीं आजारपणें सांभाळीत बसतों.

यावर गृहस्थाश्रमी श्रोता विचारील, आणि विचारावेंच: "तें सर्व खरें, पण माझें घर तीनदां फोडलें गेलें त्याचें काय?" या प्रश्नाला बगल देणें मला अप्रामाणिकपणाचें वाटतें. थोडींच माणसें पुष्कळ गुन्हे करतात, ही गोष्ट आंकड्यांनीं सिद्ध आहे. वुल्फगँग आणि त्यांचे सहकारी यांनीं फिलाडेल्फिया शहरांतील १९४५ त जन्मलेल्या ९,९४५ मुलग्यांचा अठराव्या वर्षापर्यंतचा इतिहास पोलिसांच्या नोंदींवरून तपासला व १९७२ त तो प्रसिद्ध केला. त्यांत पांच वा अधिक वेळां पोलिसांच्या नोंदींत आलेले मुलगे होते अवघे ६२७. परंतु एकूण गुन्ह्यांपैकीं निम्म्याहून अधिक त्यांच्या नांवावर होते. या सहाशें सत्तावीस जणांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचें रक्षण करणें हें सरकारचें कर्तव्यच आहे. ज्याच्या गुन्ह्यांत शस्त्र आहे, मारहाण आहे, स्त्रियांवर अत्याचार आहे, आणि जो तेंच पुन्हां करतो, त्याला दीर्घकाळ दूर ठेवावें, याबद्दल माझ्या मनांत संदेह नाहीं. अडचण आहे ती ओळखण्याची. हे ६२७ कोणते, तें सर्व वर्षें संपल्यावर, मागें वळून पाहतां कळलें. मुलें दहा वर्षांचीं असतांना कोणाच्याहि कपाळावर कांहीं लिहिलेलें नव्हतें.

कपाळ वाचण्याचा प्रयत्न आपल्या देशांत झाला, आणि त्याची फळें महाराष्ट्रानें पाहिलीं आहेत. १८७१ त उत्तर हिंदुस्थानांत सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ त मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याची सोय झाली. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींत जन्मास येणें हाच येथें पूर्वेतिहास ठरला. प्रौढांच्या नांवांची व ठशांची नोंद, ठरल्या वेळीं हजेरी, गांव सोडावयाचा तर परवाना. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड अशा लोकांची वसाहत होती. लोक तिला अजूनहि 'सेटलमेंट' म्हणतात. गिरणींत कामास जावयाचें आणि रात्रीं कुंपणाच्या आंत परत यावयाचें. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला व या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊं लागल्या. परंतु जमातीच्या जागीं व्यक्ति घालून सराईत गुन्हेगारांचे कायदे प्रांतोप्रांतीं झाले, मुंबई राज्यानें तो १९५९ त केला, आणि जुनी संशयाची नजर नव्या शब्दाआड तशीच राहिली. या नजरेखालीं लहानपण कसें जातें, हें ज्यांना समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' वाचावें. तुरुंगांच्या नियमांतूनहि ही नजर गेली नव्हती. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें जातीवरून कैद्यांत भेद करणारे तुरुंगनियम घटनाबाह्य ठरविले, आणि नियमांत 'सराईत' म्हणजे कोण हें कायद्यांतील व्याख्येप्रमाणेंच ठरावें, जातीच्या वा जमातीच्या अनुमानावरून नव्हे, असें स्पष्ट बजावलें. सरकारच्या दीर्घ स्मरणशक्तीबद्दल मीं मघां जो प्रश्न केला तो यासाठींच. ती व्यक्तीच्या कृत्यापाशीं थांबत नाहीं; घराण्यापर्यंत, वस्तीपर्यंत पाझरते.

न्यायालयाच्या दारापर्यंत न पोंचतांहि माणूस सराईत होऊं शकतो, हें येथेंच सांगून टाकतों. चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन मागण्याची जी कारवाई आपल्याकडे 'चॅप्टर' या नांवानें ओळखली जाते, तींत जामीनदार मिळाला नाहीं तर गरिबाला तुरुंग ठरलेला. तडीपारीचेंहि तसेंच. १९५१ च्या पोलिस कायद्याखालीं दोन वर्षांपर्यंत माणसाला जिल्ह्याबाहेर काढतां येतें. मोहल्ल्याला तात्पुरता दम घेतां येतो हें खरें. पण ज्या एका ठिकाणीं त्याची आई, बायको किंवा ओळखीचा मुकादम आहे, तेथूनच त्याला उचलून अनोळखी गांवीं टाकल्यावर तो पोट कशावर भरील? आणि आपल्या तुरुंगांत आहे तरी कोण? २०२२ अखेरच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांपैकीं शेंकडा ७५ हून अधिक कच्चे कैदी, म्हणजे खटला संपलेलाच नाहीं असे. पहिल्याच चोरींतला पोरगा जामिनावांचून महिनोन्महिने त्या गर्दीच्या बराकींत मुरतो. त्याचें शिक्षण तेथें होतें, शिक्षेपूर्वींच.

आतां तुरुंगाच्या आंत काय करतां येतें, तें पाहूं. पुन्हां पुन्हां गुन्हे केलेल्यांवरच झालेला एक जुना प्रयोग आठवण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस नॉरफोक नांवाचें बेट आहे. इंग्लंडहून हद्दपार होऊन आलेले जे कैदी वसाहतींत येऊन पुन्हां गुन्हा करीत, त्यांच्यासाठीं तें राखलेलें होतें. फटके आणि बेड्या यांबद्दल त्याची ख्याति होती. १८४० त तेथें अलेक्झांडर मॅकॉनकी हा आरमारी अधिकारी मुख्य म्हणून गेला. हा स्वतः कांहीं वर्षें फ्रेंचांचा युद्धकैदी होता. तुरुंग आंतून पाहिलेला तुरुंगाधिकारी विरळाच. त्यानें कैद वर्षांत न मोजतां गुणांत मोजण्याची रीत बसविली. काम आणि वर्तणूक यांनीं गुण मिळवावयाचे, उधळपट्टी व मस्ती यांनीं ते घालवावयाचे, आणि ठरलेली बेरीज पुरी झाली कीं सुटका. म्हणजे कुलपाची किल्ली थोडीशी कैद्याच्या हातीं आली. राणीच्या वाढदिवशीं त्यानें कैद्यांना दिवसभर बेटावर मोकळें हिंडूं दिलें, तेव्हां सिडनींत हाहाकार उडाला. संध्याकाळीं घंटा होतांच सर्व जण मुकाट परत आले. १८४४ त त्याला परत बोलाविलें. पण त्याची कल्पना आयर्लंडच्या तुरुंगांवाटे पुढें पसरली. आज आपल्या तुरुंगांतून चांगल्या वर्तणुकीबद्दल जी 'माफी' मिळते, तिचें कूळ शोधीत गेल्यास तें या बेटापर्यंत जाऊन पोंचतें.

आपल्याकडेहि अभिमानानें सांगावें असें एक ठिकाण आहे. १९३९ त औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं, मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या एंजिनिअराच्या सूचनेवरून, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसविली. तेथें भिंत नाहीं. कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरून सुचला, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्या चित्रपटांतले सहाहि कैदी खुनी आहेत, आणि तें वास्तवाला धरूनच आहे. रागाच्या भरांत, जमिनीच्या भांडणांत एकदां खून केलेला शेतकरी पुन्हां खून बहुधा करीत नाहीं. त्याच्यावर विश्वास टाकणें तुलनेनें सोपें. खुल्या कारागृहांसाठीं कैदी निवडतांना सराईतांस सामान्यतः वगळण्यांत येतें. यांतील विपरीतपणा पाहा. ज्याला बाहेर कसें राहावें हें शिकविण्याची गरज सर्वांत कमी, त्याला आपण उघड्यावर ठेवतों. आणि जो पांच वेळां बाहेर जाऊन पांचहि वेळां तेथें टिकूं शकला नाहीं, त्याला शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीआड ठेवून एका सकाळीं दारांतून एकदम ढकलून देतों. येरवड्याला काय, पैठणला काय, खुल्या कारागृहाचा एक कोपरा सराईत चोरांच्या शेवटच्या सहा-आठ महिन्यांसाठीं राखून ठेवावा. पळतील त्यांतले कांहीं. पण सहा महिन्यांनीं आपण होऊन त्यांना सोडणारच आहोंत, हें विसरून चालावयाचें नाहीं.

कारण सारा प्रश्न त्या सुटकेच्या सकाळींच येऊन थांबतो. अटकेच्या वेळचे कपडे, मजुरीचे थोडे पैसे, आणि दाराबाहेर कोणीहि नाहीं. खोली गेलेली, शिधापत्रिकेवरचें नांव बहुधा उडालेलें, ओळखीचा कागद हरवलेला. काम मागावयास जावें तर पहिला प्रश्न, 'इतकीं वर्षें कोठें होतास?' हद्दींत कोठें चोरी झाली कीं रात्रीं हवालदार दारांत. ज्याच्याकडे निजावयास जागा आहे असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे बराकींतला सोबती. डार्टमूरच्या मेंढपाळाला निदान एक शेत तरी मिळालें होतें. मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून सुटलेल्या व सुटूं घातलेल्या माणसांना निवारा, कागदपत्रें आणि कामाची ओळख मिळवून देण्याचें काम करीत आहे. तुरुंगाच्या दारांत भेटावयास एक ओळखीचा माणूस असणें, एवढी ती साधी गोष्ट आहे. पण ती सरकारी अंदाजपत्रकांत भिंती आणि कॅमेरे यांच्या पुष्कळच खालीं येते.

न्यायाधीशापुढील त्या कागदाकडे पुन्हां वळतों. माझ्या मतें शिक्षेची कमाल मर्यादा चालू गुन्ह्यानेंच ठरावी; दुकानांतील चोरी ही सहाव्यांदा झाली तरी दुकानांतील चोरीच राहते. पूर्वींच्या शिक्षांनीं फार तर पहिल्या खेपेची सवलत काढून घ्यावी. पण त्या यादीवरून न्यायालयानें दुसरें एक काम अवश्य करावें. मागल्या प्रत्येक सुटकेनंतर हा इसम किती दिवस बाहेर राहिला, कोठें राहिला, काय काम करीत होता, दारू किंवा गर्द यांच्या तावडींत होता काय, आणि पुन्हां कशानें घसरला, हें विचारावें. आठ दिवसांत परत आलेला आणि तीन वर्षें टिकून मग परत आलेला यांच्या कागदावर शिक्षांची संख्या सारखीच असते. पण दुसऱ्याला बाहेर राहतां येतें हें सिद्ध आहे. त्याच्या बाबतींत त्या तीन वर्षांच्या अखेरीस काय बिघडलें, तेवढेंच शोधावयाचें असतें.

हें विचारण्याचें साधन आपल्याकडे आहे. १९५८ च्या अपराधी-परिवीक्षा कायद्याखालीं परिवीक्षा अधिकारी आरोपीच्या घरीं, वस्तींत, कामाच्या जागीं जाऊन चौकशी करतो व न्यायालयास अहवाल देतो. हा कायदा केवळ पहिल्या अपराध्यांसाठीं आहे असा समज वकिलांतहि आढळतो. समज देऊन सोडण्याच्या तिसऱ्या कलमांत पूर्वींची शिक्षा नसावी अशी अट आहे खरी. परंतु देखरेखीखालीं सोडण्याच्या चौथ्या कलमांत, मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्हे वगळल्यास, तशी अट घातलेली नाहीं. आणि अहवाल मागविण्यास तर नवा कायदा, नवी इमारत, कांहींच लागत नाहीं.